नऊ नंबरची काचेत जाणार नाही

मी नऊ नंबरची जर्सी बोलतेय. निळी, बिनबाह्यांची, पाठीवर पांढरा नऊ. ऐकणार असाल तर नीट ऐका, कारण या गावात सगळे माझ्याबद्दल बोलत आलेत आणि मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. सलूनमध्ये बोलतात, चहाच्या दुकानात बोलतात, बसच्या रांगेत बोलतात. मध्यंतरी तर माझ्यासाठी काचेची चौकट करून आणली, भिंतीत खिळासुद्धा ठोकला. कपड्यांचं मत घ्यायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म शिंपीकाकांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, एक मशीन, कापडाचे तागे आणि भिंतभर आमच्या क्लबच्या संघाचे फोटो. आमचा बास्केटबॉलचा क्लब कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. काका त्याचे इतके जुने चाहते की संघाच्या जर्सी आपणच शिवायच्या असा त्यांनी हट्टच धरला. बाजारातली तयार जर्सी त्यांना अपमान वाटायची. त्यातून मी दादासाठी होते, म्हणून माझ्यावर त्यांचा जीव जरा जास्तच. काखेत दुहेरी शिवण, खाली चांगली रुंद दुमड. "ही उसवली तर माझं नाव बदला," असं ते शेजारच्या सलूनवाल्याला म्हणाले होते. पुढे मी उसवले, पण काकांचं नाव अजून तेच आहे.

ज्यांना या खेळातलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच जणांतला एक जण चेंडू आपटत पुढे आणतो आणि बाकी चौघांनी कुठे पळायचं ते ठरवतो. त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. चेंडू आत पडला की टाळ्या टाकणाऱ्याला आणि बाहेर गेला की शिव्या याला, असा साधारण हिशेब असतो. दादा आमचा पॉइंट गार्ड होता आणि कप्तानही होता. दादा हे काही त्याचं नाव नाही, पण त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्याला दादाच म्हणायची.

दादाचा आवाज काय सांगू. सभागृहाच्या या टोकाला तो ओरडला की त्या टोकाची खिडकी थरथरायची. आमच्या चालींना त्याने नावं दिली होती. डावीकडून एकामागे एक सरकत जायचं, तो 'जिना'. उजवीकडे कोपऱ्यात फट पाडून उंच गड्याने आत घुसायचं, ती 'खिडकी'. आणि मागे येऊन सगळ्यांनी दार अडवायचं, ते 'कुलूप'. दादा हात वर करायचा, बोटांनी पायऱ्या चढून दाखवायचा आणि गरजायचा, "जिना!" अंगावर असताना मला तो आवाज कापडातून जाताना कळायचा. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

लोकांना तर वेडच लागलं. हळूहळू दादाबरोबर अख्खी गॅलरी ओरडायला लागली. दादाचं बोट वर गेलं की पायऱ्यांवरची शे-दोनशे माणसं पाय आपटत, "जिना! जिना!" शिंपीकाका सगळ्यांत पुढे, घसा बसेपर्यंत. त्या हंगामात आम्ही सारखे जिंकत होतो, म्हणून मला धुवायचंही नाही असं ठरलं. धुतली की नशीब पाण्याबरोबर जाईल म्हणे. माणसांच्या या शास्त्रापायी मी काय काय सोसलं ते माझ्या शेजारच्या खुंटीवरच्या टॉवेलला विचारा.

मग आम्ही हरायला लागलो. रोज नाही, पण मोठ्या सामन्यांत, आणि अगदी शेवटाला. लोकांनी पंचाला दोष दिला, दिव्यांना दोष दिला, मधल्या उंच खेळाडूला दोष दिला. त्याला सगळे उंच्याच म्हणतात. दादाही त्याला मैदानातच सगळ्यांसमोर झापायचा आणि उंच्याचे कान लाल व्हायचे. गॅलरीला ते फार आवडायचं. "याला म्हणतात कप्तान," असं ते एकमेकांना कोपर मारून सांगायचे.

पण मला खरं काय ते माहीत होतं. समोरच्या संघाचा जो गडी दादाच्या छातीला छाती भिडवून उभा असायचा, तो दादाकडे बघायचाच नाही. तो कान गॅलरीकडे लावून असायचा. वरून "खिडकी" ऐकू आली की तो हसत हसत आपल्या साथीदाराला म्हणायचा, "कोपरा धर." त्याचा श्वास माझ्या कापडाला लागायचा. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे? आमचेच लोक, आमच्यावर जीव ओवाळून टाकणारे, आमची प्रत्येक चाल समोरच्याच्या ताटात वाढत होते.

शेवटी दादाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चालायचं असेल तर खेळ सोड. शेवटच्या सामन्यानंतर त्याने मला अंगातून काढलं, घडी घातली आणि बाकावर ठेवलं. कितीतरी वेळ तो माझ्या शेजारी नुसता बसून राहिला. रडता आलं असतं तर मी त्या दिवशी मनापासून रडले असते.

लोकांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आता नऊ नंबर कोणाला द्यायचा नाही. पण आमचे सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, कमी बोलणारे आणि कोणाचं न ऐकणारे. हंगामाच्या पहिल्या सरावाला त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि नव्या पॉइंट गार्डच्या अंगावर फेकलं. "घाल. हीच तुझ्या मापाची आहे," एवढंच म्हणाले आणि कप्तानीही त्यालाच देऊन टाकली.

मापाची कसली, मी त्याला ढगळ होत होते. हडकुळा, एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिलाच हंगाम. खांदे असे की मी सारखी घसरायची. मला तर आधी रागच आला. दादाच्या भरदार छातीवर मिरवलेली मी आणि आता या काडीपैलवानाच्या अंगावर. पहिल्या सामन्याला तो मैदानात आला तेव्हा गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "जर्सी आली, दादा कुठंय?" सगळे हसले. त्याची छाती माझ्याखाली धाड धाड वाजत होती. पण त्यात नवल नव्हतं, दादाचीही वाजायची. फक्त दादा वरून ओरडायचा, म्हणून कोणाला पत्ता लागायचा नाही.

हा मात्र ओरडलाच नाही. पहिला सामना गेला, दुसरा गेला, तोंडातून शब्द नाही. चेंडू आपटत यायचा, एका हाताने माझं टोक ओढायचा, आणि खेळ सुरू. कधी गळ्याशी हात न्यायचा, कधी डावीकडे ओढायचा, कधी उजवीकडे. गॅलरीने त्याचं नाव ठेवलं मुक्या. "मुक्या, कपडे सावरून झाले की खेळ," असं वरून ऐकू यायचं. टाइम-आउटला तो कोणावर आवाज चढवायचा नाही. उंच्याजवळ जायचा, त्याला पाण्याची बाटली द्यायचा आणि कानाशी काहीतरी बोलायचा. त्यावर सलूनवाला म्हणाला, "कप्तान नेमलाय की पाणीवाला?"

आता ते ओढणं काय होतं ते सांगते, कारण सरांव्यतिरिक्त ते ज्या चौघांना माहीत होतं त्यांनी जिभेला कुलूप लावलं होतं आणि पाचवी मी.

सामने सुरू व्हायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, सराव संपल्यावर, मुक्या सरांपाशी गेला. "सर, एक बोलू का?"

"बोल की. तोंड आहे म्हणजे तुला."

"मी लहानपणापासून त्या गॅलरीत बसलोय. मीही घसा फुटेस्तोवर जिना जिना ओरडलोय. पण मागच्या अंतिम सामन्यात मी पहिल्यांदाच खालच्या पायरीवर, त्यांच्या बाकाच्या मागे बसलो होतो. सर, त्यांचे लोक दादांकडे बघतच नव्हते. आमच्याकडे बघत होते."

सर म्हणाले, "मग काय करायचं? लोकांना गप्प बसवायचं? इथे तिकीट काढून येतात ते ओरडायलाच."

"लोक ओरडू देत. आपण गप्प बसू."

असं ते ठरलं. डावं टोक ओढलं की जिना, उजवं ओढलं की खिडकी, गळपट्टीने घाम पुसला की कुलूप. महिनाभर पाचही जण सरावात तोंडातून आवाज न काढता पळत होते. उंच्या सुरुवातीला चुकायचा, मग चुकेनासा झाला. आणि मी, जी आयुष्यभर पाठीवरचा आकडा म्हणून मिरवले, ती संघाची जीभ झाले. तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या दिवसापासून मला हा पोरगा माझा वाटायला लागला.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगायची सोय नव्हती, कारण सलूनमध्ये सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावात पोचते. तिथल्या गप्पा मी स्वतः ऐकल्यात. मुक्या केस कापायला आला की त्याची पिशवी बाकावर असायची आणि पिशवीत मी. तो मानेभोवती कापड गुंडाळून खुर्चीत बसलेला असतानाच शिंपीकाका शेजारच्या दुकानातून यायचे आणि त्याच्या देखत त्याचा पंचनामा करायचे.

"खेळ वाईट नाही त्याचा," काका म्हणायचे. "पण पुढारपण अंगात असावं लागतं. दादा मैदानात आला की दहा माणसांचं बळ यायचं संघाला."

"बळ यायचं, पण बक्षीस कुठं यायचं?" सलूनवाला म्हणायचा. त्याला काकांच्या विरुद्ध बोलायला आवडतं, एवढंच. त्याचं स्वतःचं मत रोज बदलतं. "हा निदान पास बरा देतो."

"पास पोस्टमनही देतो. कप्तान कसा पाहिजे, चार जणांना धाकात ठेवणारा. हा बोलतच नाही. विचार त्याला, तुझ्यासमोरच बसलाय."

सलूनवाल्याने आरशातून विचारलं, "काय रे, का बोलत नाहीस?"

"कानामागून थोडे कमी करा," मुक्या म्हणाला.

मी पिशवीत जळत होते. सांग ना एकदा, असं मला वाटायचं. सांग की तुमच्या या प्रेमानेच दादाची बक्षिसं गेली. पण तो बोलला नाही. पैसे दिले, काकांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला. काका मागून म्हणाले, "संस्कार चांगले आहेत हो, ते काही नाही म्हणत नाही मी."

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई बस चालवते. मला धुवायचं काम तिचंच, आणि ती जिंकलो म्हणून थांबत नाही, हे मी तिचे उपकार मानते. एके दिवशी बादलीत मला खसाखसा चोळता चोळता ती म्हणाली, "अरे, एकदा ओरड की त्यांच्या समाधानासाठी. तुझं काय जातं? माझ्या बसमध्ये चढणारा प्रत्येक जण मला ऐकवतो, तुमचा भाऊ मुका का म्हणून. काल एक आजी म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा."

"ताई, वळायच्या आधी तू काय करतेस?"

"काय करणार? इंडिकेटर देते."

"ओरडतेस का, की मी आता डावीकडे वळणार?"

"डोकं फिरलंय का माझं?"

"मग झालं तर."

ताईचा हात थांबला. तिने मला पाण्यातून वर काढलं, माझं डावं टोक बघितलं, उजवं बघितलं. दोन्ही टोकं ओढून ओढून कानासारखी लांब झाली होती. पुढे तिने मला पिळताना ती टोकं कधी पिळली नाहीत. आणि बसमध्ये कोणी काही म्हणालं की नुसती हसायची.

अशा रीतीने, शिव्या खात, आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. तुम्हाला वाटेल आता तरी लोक खूश झाले असतील. छे. म्हणाले, दादाने बांधलेला संघ आहे, वाऱ्यावर सोडला तरी इथवर येणारच. सामन्याच्या आदल्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी कपडे बदलायच्या खोलीत आले. मुक्या तिथेच बूट बांधत होता, तरी ते सरांशी असे बोलले की जणू खोलीत दुसरं कोणी नाही.

"सर, उद्या गेला ना सामना, तर पुढच्या हंगामाला बाहेरून कोणीतरी बोलका गडी आणू. माझं काही नाही हो याच्याशी वाकडं. पण लोकांना कप्तान दिसायला पाहिजे. ऐकू यायला पाहिजे."

"उद्याचं उद्या बघू," सर म्हणाले. मुक्याने बुटाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. त्याला काय वाटलं ते मला कळलं, कारण मी तेव्हा त्याच्या अंगात होते. त्याला हा खेळ सोडून दुसरं काही नको होतं. आणि खेळायचं होतं ते याच सभागृहात, याच लोकांसमोर, जे त्याला नको म्हणत होते. या गोष्टीला इलाज नसतो.

अंतिम सामना. सभागृह खचाखच. दादाला खास आमंत्रण, पहिल्या रांगेत खुर्ची, हातात काठी. तो आत आला तेव्हा लोक उभे राहिले, टाळ्या थांबेचनात. आम्ही आलो तेव्हाही वाजल्या, पण पाहुण्यांना वाजवतात तशा.

खेळाचं सगळं सांगत बसत नाही. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटी आम्ही एका गुणाने मागे, घड्याळ संपत आलेलं आणि चेंडू मुक्याच्या हातात. तेव्हा गॅलरीला राहवेना. कोणीतरी सुरुवात केली, बहुधा शिंपीकाकांनीच, आणि सगळ्यांनी उचललं. "जिना! जिना! जिना!" पाय आपटायला लागले. आपल्या अडाणी पोराला अवघड गणिताचं उत्तर पाठीमागून सांगावं, तसं ते त्याला सांगत होते. लोकांना खरंच मदत करायची होती, हे मी आजही मान्य करते.

समोरचा गडी हसला. तोच जुना गडी, दादाच्या छातीला भिडणारा. त्याचा एक डोळा गॅलरीकडे गेला. मुक्यानेही ते पाहिलं.

आणि मुक्याने हात वर केला. पूर्ण वर. बोटांनी पायऱ्या चढून दाखवल्या, दादासारख्याच, आणि हंगामात पहिल्यांदा तोंड उघडून ओरडला, "जिना!" तो आवाज माझ्या धाग्याधाग्यातून गेला. सभागृह कोसळतं की काय असं झालं. समोरचे सगळे डावीकडे धावले, जिना अडवायला. तेवढ्यात डाव्या हाताने चेंडू आपटता आपटता त्याचा वर गेलेला उजवा हात खाली आला, आणि चेंडू टाकायच्या आधी माझ्या उजव्या टोकाला लागला. त्याने मला असं ओढलं की काकांची ती दुहेरी शिवण टरकन उसवली.

उजवा कोपरा मोकळा. उंच्या खिडकीतून आत. चेंडू हातात आला तेव्हा त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. त्याने तो अलगद जाळीत ठेवला आणि घंटा वाजली.

आम्ही जिंकलो. लोक मैदानात घुसले. मुक्याला कोणीतरी खांद्यावर घेतलं. त्या गलक्यात मला काय ऐकू आलं असेल? "शेवटी दादाचंच चाललं!" शिंपीकाका रडत रडत सगळ्यांना सांगत होते, "बघितलंत? ओरडला पोरगा. दादासमोर ओरडला. दादाची चाल आणि दादाची जर्सी." चाल कुठली खेळली गेली ते त्यांच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं. ओरडण्याच्या नादात बघायचं राहून गेलं होतं. मी उसवलेली, भिजलेली, संतापाने नुसती पेटले होते.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. क्लबने सत्कार ठरवला. काकांनी मला दुकानात नेऊन उसवलेली बाजू शिवली. ओढलेली टोकं बघून ते सलूनवाल्याला म्हणाले, "किती घाबरट पोर. भीतीपोटी ओढून ओढून वाट लावली कापडाची." मग त्यांनी मला कडक इस्त्री केली. चौकट तयार होती, मागे मखमल, वर काच. दादाच्या हाताने मला तिच्यात घालायचं आणि ती भिंतीला लावायची. मुक्याला नवीन जर्सी, तेवीस नंबर. आणि सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता कसं, जमलं ना? पुढच्या हंगामाला असंच दणकून ओरडायचं. जागा तुझीच." म्हणजे जागा ठेवली, पण दादाची नक्कल करायच्या अटीवर.

क्लबच्या खोलीत चहा, बिस्किटं, माणसांची दाटी. सेक्रेटरींनी भाषण केलं. पुढारपण म्हणजे काय यावर ते खूप बोलले. मग दादाला पुढे बोलावलं. काठी टेकत तो टेबलापाशी आला आणि मला उचललं. त्याच्या हातांची ओळख माझी जुनी. अंगठा माझ्या खालच्या कडेवरून फिरला, डाव्या टोकाशी थांबला, मग उजव्या टोकाशी. तो मला काचेत घालेना. लोक टाळ्यांसाठी हात तयार ठेवून थांबले होते.

"मुक्या," दादा म्हणाला, "त्या दिवशी तू जिना ओरडलास."

"हो दादा."

"मग उंच्या खिडकीत काय करत होता?"

खोलीत एकदम चुळबुळ झाली आणि थांबली. सलूनवाल्याने बिस्किट अर्धं तोंडात तसंच धरलं. मुक्या खाली बघत होता.

"दादा, ते सांगण्यासारखं नाही."

"मग सांगू नकोस. घालून दाखव." आणि त्याने मला सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिलं.

मुक्याने सत्कारासाठी घातलेल्या शर्टावरूनच मला अंगात घातलं. काकांची इस्त्री मोडली. त्याची छाती सामन्यात वाजली नव्हती तेवढी वाजत होती. मग त्याने, न बोलता, कोणाकडे न बघता, माझं उजवं टोक ओढलं.

बाकी चौघं गर्दीत विखुरलेले होते. एक दाराशी, एक खिडकीत, दोघं चहापाशी. चौघंही हलले. कोणी कोणाला विचारलं नाही. एकाने सेक्रेटरींच्या बायकोला हळूच बाजूला केलं, एक टेबलाला वळसा घालून गेला, आणि उंच्या हातातला कप न सांडता उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. डोळ्याचं पातं लवतंय तोवर चौघं आपापल्या जागी. मुक्याने डावं टोक ओढलं, ते डावीकडे सरकले, एकामागे एक. गळपट्टीने तोंड पुसलं, चौघंही मागे येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. खोलीत नुसता पावलांचा आवाज होता.

दादाचा चेहरा मी समोरून बघत होते. त्याला लागलं. इतकी वर्षं ज्या आवाजावर तो जगला, त्याच आवाजाने काय घालवलं ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. पण तो खरा मोठा माणूस, त्याने मान फिरवली नाही.

"माझ्या वेळी हे चौघं मी ओरडलो की पळायचे, आणि ते ऐकून समोरचेही," तो म्हणाला. "मला वाटायचं, त्यालाच कप्तानी म्हणतात." मग तो शिंपीकाकांकडे वळला. "काका, ही काचेत घालायची नाही. हिचं काम चालू आहे. ही कड जरा जाड करून द्या, याला ओढायला लागते."

काका खिशातून टेप काढून मुक्यापाशी आले आणि माझी कड मोजायला लागले. "मीच ओरडत होतो ना रे सगळ्यांत मोठ्यांदा?" त्यांनी हळू विचारलं.

"मीही ओरडायचो, काका," मुक्या म्हणाला. "तुमच्या मागच्याच पायरीवर."

तर अशी मी वाचले. ती चौकट रिकामीच आहे. तिच्यात काय लावावं यावर समितीचं एकमत होत नाही, आणि होऊही नये अशी माझी इच्छा आहे. सलूनमधला वादही मिटलेला नाही. मुक्या मोठा की दादा मोठा, रोज नव्याने सुरू. काका आता मुक्याच्या बाजूने भांडतात, म्हणून सलूनवाला दादाच्या बाजूने. त्यांचं चालू द्या. दोघांच्याही अंगाला लागून राहिलेली मी एकटीच आहे आणि मला कोणाला तराजूत घालायचं नाही.

माझा रंग विटलाय. नऊच्या आकड्याला भेगा पडल्यात. काखेत ठिगळ आहे आणि कडेला काकांनी लावलेली जाड पट्टी आहे, जी मला मुळीच शोभत नाही. आज मी घामाने ओली, सरावाच्या पिशवीत, दोन बुटांच्या मध्ये कोंबलेली आहे. मला दया दाखवू नका. इस्त्री करून मखमलीवर निजण्यापेक्षा मला हेच हवं होतं. ज्या दिवशी मी खरंच फाटेन, त्या दिवशी माझं फडकं करा आणि मैदान पुसा. पण भिंतीवर चढवून माझ्यासमोर हात जोडू नका, आणि माझ्या आडून कोणा नव्या पोराला हिणवू नका.

एवढीच विनंती. शनिवारी सामना आहे, जरूर या. ओरडा, पाय आपटा, वाटेल त्या चालीचं नाव घ्या, आम्हाला चालतं. क्लबच्या खोलीतल्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी आमच्या सगळ्या खुणा बदलल्या. आता कुठलं टोक ओढलं की काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.